ताटातला वाटा

मार्गशीर्षातली अमावास्या धाराशिव आणि लातूर या दोन जिल्ह्यांत ज्या उत्साहाने साजरी होते, तशी ती महाराष्ट्रात अन्यत्र क्वचितच होत असेल. पंचांगात ती वेळा अमावास्या, लोकांच्या तोंडी येळवस. त्या दिवशी गावे ओस पडतात, शहरातली बाजारपेठ सुनी होते आणि माणसे शेतात जातात. कडब्याची कोप उभी राहते, आत चुन्याने रंगवलेल्या पाच पांडवांची पूजा होते, आंबील शिवारात शिंपडले जाते आणि मग पंगत बसते. ज्वारी-बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि भज्जी. ज्याला शेत नाही त्यालाही आवर्जून बोलावणे असते. ‘पुरे’ हा शब्द त्या दिवशी कोणी ऐकून घेत नाही.

आहाराच्या प्रमाणाविषयी बोलायचे आणि सुरुवात अशा भरपेट सणाने करायची, हे काहींना विपरीत वाटेल. परंतु त्या दिवसाच्या पानाकडे जरा निरखून पाहावे. भज्जीत काय असते? तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे कोवळे दाणे, हाताला लागतील तेवढ्या पालेभाज्या, गाजर, बोरे, वर बेसन. ज्वारीच्या पिठाचे आंबील ताकात आंबवलेले असते. म्हणजे धान्य आहे. पण पानावरची मोठी जागा डाळीने, भाजीने आणि ताकाने व्यापलेली आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने भारतीयांसाठी जी आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वे २०२४ च्या मे महिन्यात प्रसिद्ध केली, त्यांत दोन हजार उष्मांकांच्या दिवसभराच्या ताटाचा नमुना दिला आहे. त्यात धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये सुमारे ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, दूध-दही ३०० मिलिलिटर, शेंगदाणे-तीळ यांसारख्या तेलबिया ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम असा हिशेब मांडला आहे. वजने अर्थातच कच्च्या जिन्नसांची आहेत. भाजीचे वजन धान्याच्या दीडपटीहून अधिक आहे, हे त्यातले पहिले लक्षात घेण्याजोगे. येळवशीची भज्जी या नमुन्याच्या जेवढी जवळ जाते, तेवढे त्याच घरातले एरवीच्या दिवसाचे जेवण जात नाही. वर्षातून एकदा अधिक खाल्ले म्हणून कोणाचे काही बिघडत नाही. प्रश्न उरलेल्या ३६४ दिवसांचा आहे.

त्या ३६४ दिवसांत ताटात मुख्यतः धान्य असते. कालवण पातळ असते आणि भाकरी दणकट असते. महाराष्ट्रात २०१८ च्या सुमारास आहारावर मोठे वादळ उठले होते. कै. डॉ. श्रीकांत जिचकार यांची मांडणी पुढे नेणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित हे त्या वेळी शेजारच्या लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक होते. दिवसातून दोनच वेळा, कडकडून भूक लागेल तेव्हा, पंचावन्न मिनिटांच्या आत जेवावे, हे त्यांचे सांगणे. ऋजुता दिवेकर यांच्यासारख्या आहारतज्ज्ञांनी थोड्या थोड्या वेळाने खाण्याची बाजू मांडली. घरोघरी तट पडले, लग्नकार्यांत यावर हमरीतुमरी झाली. त्या वादाने असंख्य माणसांना स्वतःच्या खाण्याकडे डोळसपणे पाहायला लावले, हे श्रेय दोन्ही बाजूंना दिलेच पाहिजे. मात्र तो सारा वाद प्रामुख्याने किती वेळा खावे याभोवती फिरला. एका वेळी किती, आणि घरातल्या कोणी किती, हे प्रश्न बाजूलाच राहिले. वास्तविक आपल्या परंपरेने तेच आधी विचारले होते.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात ‘मात्राशितीय’ नावाचा स्वतंत्र अध्याय आहे. नावच मुळी मापाने खाण्याचे. मात्रा सर्वांना एकच नसते, ती खाणाऱ्याच्या अग्निबलावर अवलंबून असते. आणि पदार्थ जड असेल तर तृप्ती होण्याच्या बरेच आधी हात आखडावा, असे तेथे सांगितले आहे. विमानस्थानात पोटाचे तीन भाग कल्पिले आहेत, एक घन अन्नाला, एक द्रवाला आणि एक मोकळा. वाग्भटाने चार भाग धरले, दोन अन्नाचे, एक पेयाचा, एक वायूसाठी रिकामा. आकडे निरनिराळे असले तरी पोट काठोकाठ भरू नये याविषयी एकमत आहे. आपस्तंब धर्मसूत्रात तर घासच मोजून दिले आहेत. मुनीला आठ, वानप्रस्थाला सोळा, गृहस्थाला बत्तीस. ब्रह्मचाऱ्याला मात्र मर्यादा नाही. आणि त्या ब्रह्मचाऱ्याच्या जोडीने तेथे बैलाचा उल्लेख येतो. ज्याचे अंग वाढते आहे किंवा जो राबतो आहे, त्याला खाल्ल्यावाचून काम साधत नाही, असा त्याचा भाव. शेतकऱ्याच्या घरात हा दाखला समजावून सांगावा लागणार नाही.

म्हणजे प्रमाण याचा अर्थ ‘कमी खा’ असा नाही, तर ‘ज्याला जेवढे लागते तेवढे’ असा आहे. हा भेद विसरला की दोन टोकांचे अनर्थ एकाच छपराखाली नांदतात, आणि धाराशिवसारख्या जिल्ह्यात ते नांदत आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा मधुमेहाविषयीचा जो देशव्यापी अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यानुसार देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत आणि सुमारे साडेतेरा कोटी माणसे त्या उंबरठ्यावर उभी आहेत. त्याच सुमारास, २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून अधिक, ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या. एकाच घरात एकाच्या रक्तात साखर अधिक आणि दुसरीच्या रक्तात लोह उणे. अन्नाचा तुटवडा हे याचे एकमेव कारण असते, तर दोघेही उपाशी दिसले असते. वाढप चुकले आहे.

हे वाढप कसे चुकते, ते आकड्यांत पाहण्यासारखे आहे. परिषदेने आणि पोषण संस्थेने २०२० मध्ये जी ऊर्जेची गरज सांगितली, तीनुसार ६५ किलो वजनाच्या, बैठे काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला २११० उष्मांक लागतात. तोच पुरुष कष्टाचे काम करत असेल तर ३४७०. स्त्रीचे वजन ५५ किलो धरले, तर बैठ्या कामाला १६६०, मध्यम कामाला २१३० आणि कष्टाच्या कामाला २७२०. गरोदर असेल तर वर आणखी ३५०, अंगावर पाजत असेल तर पहिल्या सहा महिन्यांत ६००. आता हे भाकरीच्या भाषेत मांडू. ज्वारीच्या शंभर ग्रॅम पिठात सुमारे ३४० उष्मांक असतात. मराठवाड्यात हातावर थापलेली भाकरी पंचाहत्तर ग्रॅम पिठाची धरली, तर एक भाकरी म्हणजे साधारण अडीचशे उष्मांक. नांगर धरणारा बाप आणि तहसील कचेरीत टेबलाशी बसणारा त्याचा मुलगा यांच्या गरजेत रोज पाच भाकरींचे अंतर आहे. दोघे शेजारी बसतात, आणि आई दोघांना सारखेच वाढते. न वाढावे तर तिच्या मायेत उणेपणा येतो, असे तिलाही वाटते आणि त्यालाही.

याच कोष्टकात एक दुसरी तुलना दडलेली आहे, ती फारशी कोणी करत नाही. खुरपणीला, काढणीला, ऊसतोडीला जाणारी स्त्री २७२० उष्मांकांची धनी आहे आणि कचेरीत बसणारा पुरुष २११० चा. दिवसाला सहाशे उष्मांकांनी, म्हणजे दोन भाकरींहून अधिक, तिचा वाटा त्याच्यापेक्षा मोठा असायला हवा. ती ओली बाळंतीण असेल तर अंतर आणखी वाढते. कोणत्या घरात हे असे वाढले जाते? पुरुष, पाहुणे आणि मुले जेवून उठल्यावर टोपल्यात जे उरेल ते तिचे, कालवणाच्या पातेल्याचा तळ तिचा, आणि भाजी संपली असेल तर ठेच्यावर भागवणेही तिचेच. तिच्या या त्यागाचे पोवाडे पुष्कळ झाले. तिच्या हिमोग्लोबिनचा आकडा त्यांनी वाढला नाही.

ही रीत धर्माची आहे, असे समजणारे सज्जन आहेत. त्यांनी एकदा मूळ ग्रंथ उघडावेत. मनुस्मृतीवरून वाद घालणारे दोन्ही बाजूंना विपुल आहेत आणि तिचे तिसऱ्या अध्यायातले भोजनाचे प्रकरण बहुधा दोघांनीही वाचलेले नसते. नवविवाहिता, कुमारिका, आजारी माणसे आणि गर्भिणी यांना अतिथींच्याही आधी, कसलाही विचार न करता जेवू घालावे, असे तेथे स्पष्ट सांगितले आहे. अतिथी देव मानणाऱ्या संस्कृतीने गर्भिणीला देवाच्याही आधी पान मांडले. पुढे असेही आहे की अतिथी आणि सेवकवर्ग जेवल्यावर जे उरेल ते दंपतीने खावे. ‘दंपती’ हा शब्द पतीपत्नी दोघांचा मिळून आहे. मागे राहायचे तर दोघांनी. पतीने आधी जेवून ढेकर द्यावी आणि पत्नीने शेवटी खरवड खावी, असे तेथे नाही. मग ही रीत आली कोठून? टंचाईतून आली, आणि टंचाई सरल्यावरही घरात तशीच राहिली.

टंचाईचा विषय या भागात पुस्तकी नाही. १९७२ चा दुष्काळ पाहिलेली पिढी अजून हयात आहे. दुष्काळी कामावर खडी फोडताना मिळालेली सुकडी आणि पोटासाठी खाल्लेली परदेशी तांबडी मिलो ज्वारी ज्यांना आठवते, त्यांच्या लेखी भरलेले ताट हे प्रतिष्ठेचे नव्हे, सुटकेचे चिन्ह आहे. ज्याने एकेकाळी नातवंडाएवढ्या वयात अर्धपोटी रात्री काढल्या, तो आजोबा नातवाला ‘आणखी एक घे’ म्हणतो, तेव्हा त्याला उष्मांकांचा पाढा ऐकवणे अडाणीपणाचे होईल. आग्रहाची मुळे इतकी खोल गेलेली आहेत.

सरकारने माप ठरवले तर काय होते, याचाही अनुभव या देशाला आहे. १८७६–७८ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी कष्टाच्या कामावरील मजुराला दिवसाला एक पौंड, म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम धान्य आणि वर किरकोळ पैसे पुरेत, असे ठरवले. मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी हे माप माणूस जगवणारे नाही, असा आक्षेप घेतला होता. आजच्या हिशेबाने त्या पौंडभर धान्यात कष्टकरी पुरुषाच्या गरजेच्या निम्म्याहूनही कमी ऊर्जा होती. तिजोरीकडे पाहून ठरवलेल्या मापाला माप म्हणण्यात अर्थ नाही. स्वतंत्र भारताचे माप अर्थातच यापेक्षा माणुसकीचे आहे. शाळेतल्या पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी. सहावी ते आठवीला १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ आणि ७५ ग्रॅम भाजी ठरलेली आहे. वयाप्रमाणे वाटा बदलतो आणि मुलगा-मुलगी असा भेद त्यात नाही. ज्या घरात हा भेद आहे, त्या घरातल्या मुलीला सबंध दिवसातला न्याय्य वाटा शाळेच्या ओसरीवरच मिळत असेल. अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य गटातल्या माणसामागे महिन्याला पाच किलो, म्हणजे रोजचे १६६ ग्रॅम धान्य दिले. पोट त्याने बऱ्याच अंशी भरते. मात्र कायद्याच्या त्या हक्कात डाळ नाही आणि तेल नाही. वरणाची सोय ज्याने त्याने करायची आहे.

मध्यमवर्गीय घरांची अडचण निराळी. त्यांच्याकडे पैसे आहेत, वाचन आहे आणि सल्ल्यांचा सुकाळ आहे. पुण्या-मुंबईच्या अंकात ‘दोन पोळ्या खा’ असे छापून येते. ती पोळी तीस ग्रॅम पिठाचा फुलका असते. राज्य सरकारने २०२० मध्ये सुरू केलेल्या शिवभोजन थाळीतही तीस ग्रॅमच्याच दोन चपात्या ठरल्या होत्या. धाराशिवचा वाचक तोच सल्ला ‘दोन भाकरी’ असा घेतो आणि साठऐवजी दीडशे ग्रॅम धान्य पोटात जाते. वर ज्वारी आरोग्याला चांगली, हे २०२३ च्या भरडधान्य वर्षात सर्वांनी ऐकलेलेच आहे! ज्वारी उत्तमच आहे, श्रीअन्नच आहे. पण चार भाकरींची ज्वारी ही चार भाकरींची ज्वारीच असते. उपासाचेही तेच. नवरात्रात तुळजापूरची वाट धरणारे कित्येक भाविक नऊ दिवस साबुदाण्यावर काढतात. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, आणि त्यात मुक्त हस्ताने पडणाऱ्या शेंगदाण्याच्या शंभर ग्रॅममध्ये साडेपाचशेहून अधिक उष्मांक. एकादशी आणि दुप्पट खाशी असे आपणच म्हणतो आणि आपणच हसतो.

मग रोज तराजू घेऊन जेवायला बसायचे काय? मुळीच नाही. ताटात माप आणू गेले की जेवणातला आनंद जातो आणि घरात कलह येतो. आपल्या आज्यांचे माप ताटात नव्हते, कणगीपाशी होते. चिपटे, मापटे, शेर, अधोली, पायली ही भांडी घरात होती; दळणाला किती ज्वारी काढायची आणि डाळ किती शिजत घालायची, हे त्यांनी ठरे. मापटे गेले आणि अंदाज आला, अंदाज गेला आणि आता पिशवी फाडून ओतणे आले. ते मापटे नव्या रूपात परत आणता येते, आणि त्याची जागा महिन्याची किराण्याची यादी ही आहे. पोषण संस्थेच्या नमुन्याला तीसने आणि घरातल्या माणसांनी गुणावे. चौघांच्या घराला गहू, ज्वारी, तांदूळ, रवा, पोहे सर्व मिळून महिन्याला तीस किलो धान्य पुरे. तेल-तूप सव्वातीन किलो. म्हणजे पंधरा किलोचा डबा साडेचार महिने टिकायला हवा. साखर रोजची पंचवीस ग्रॅम ही कमाल मर्यादा धरली, तर तीन किलो, आणि त्यात बिस्किटे, पेढे, सरबते यांतली साखर आलीच. मीठ सहाशे ग्रॅम. आता डाळी-कडधान्ये पाहावीत. शाकाहारी चौघांना ती महिन्याला दहा किलो लागतात. तूर पिकवणाऱ्या जिल्ह्यात किती घरांच्या यादीत दहा किलो डाळ असते? घरात कष्टाचे काम करणारे कोणी असेल, तर हे आकडे त्याच्यापुरते वाढवावेत; बैठ्या स्त्रीपुरते कमी करावेत. एवढा हिशेब सहावीतली मुलगीसुद्धा वहीत मांडू शकते आणि तिने तो मांडावाच.

यादी सुधारली की ताट पुष्कळसे आपोआप सुधारते. परंतु ज्या वाढपाचा दोष वर सांगितला, तो यादीने जात नाही. आठवड्यातून एकदा तरी सर्व कुटुंबाने एकत्र बसून जेवावे, असे कार्यकर्ते घरोघरी सांगत असतात. सांगणे योग्यच आहे. मात्र अशा जेवणात बहुधा सगळे बसतात आणि एक जण चुलीपाशी उभी असते. कारण भाकरी तव्यावरून थेट ताटात पडली पाहिजे, असा पुरुषांचा हट्ट. गरमागरम भाकरीच्या या लाडापायी तिचे जेवण शेवटी जाते, आणि शेवटी गेले की कमी होते. वास्तविक ज्वारीच्या भाकरीला थंड होण्याचे भय नाही. सोलापूर-धाराशिवच्या पट्ट्यात कडक भाकरी करून ठेवण्याची जुनी रीत आहे. पातळ थापलेली, खडखडीत वाळवलेली, दिवसच्या दिवस टिकणारी. शेंगांची चटणी, कांदा आणि घट्ट दह्याबरोबर ती खाणारे आजही आहेत आणि बाजारात ती गठ्ठ्यांनी विकली जाते. संध्याकाळी सहा वाजताच भाकरी करून दुरडीत फडक्याखाली ठेवल्या, डाळ घट्ट केली, पातेले मध्ये मांडले आणि गृहिणीचे ताट इतरांच्या ताटांबरोबर घेतले, तर पळी कोणाच्याही हातात देता येते. ती मुलाच्या हातात द्यावी. पहिली वाटी आईला वाढायची, एवढेच त्याला सांगून ठेवावे.